यूट्यूब स्टुडिओची कॉपीराइट तपासणी: गेमिंग चॅनलसाठी कितपत भरवशाची?

गेम खेळता खेळता मराठीत समालोचन करणाऱ्या चॅनलवाल्यांचा कॉपीराइटशी पहिला संबंध बहुधा यूट्यूब स्टुडिओतच, म्हणजे चॅनलचे व्हिडिओ सांभाळण्याच्या यूट्यूबच्या पानावरच, येतो. व्हिडिओ अपलोड करताना प्रसिद्धीच्या आधी तपासणीचा एक टप्पा लागतो, तो 2021 मध्ये आला. व्हिडिओतील आवाज आणि चित्र कंटेंट आयडीच्या, म्हणजे हक्कधारकांनी यूट्यूबकडे दिलेल्या गाणी-व्हिडिओंच्या नमुन्यांच्या, संग्रहाशी ताडून पाहिले जाते आणि काही सापडले नाही तर हिरवी खूण उमटते. संगीताच्या बाबतीत ही सोय उत्तम आहे. गेमच्या प्रकाशकाच्या, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या, हक्कांबाबत मात्र त्या हिरव्या खुणेवर विसंबून राहू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आधी चांगल्या बाजूबद्दल. विसर्जनाच्या दिवशी मी घरात रेकॉर्डिंग करीत असताना खालून जाणाऱ्या मिरवणुकीतील डीजेचे गाणे माइकमध्ये शिरले होते. माझ्या बडबडीखाली ते जेमतेम ऐकू येत होते, तरीही तपासणीने गाण्याचे नाव, हक्कधारक कंपनी आणि ते कोठे सुरू होऊन कोठे संपते याची वेळ नेमकी दाखवली. अशा वेळी तेवढा भाग कापता येतो, गाणे बदलता येते किंवा आवाज बंद करता येतो. 2024 मध्ये सुधारलेल्या सोयीमुळे बोलणे तसेच ठेवून केवळ गाणे पुसण्याचा प्रयत्नही करता येतो. माझ्या व्हिडिओत पुसलेल्या जागी आवाज किंचित पत्र्यासारखा झाला, पण वाक्य समजत होते. व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यानंतर हे केले तरी दुवा आणि व्ह्यूज कायम राहतात, ही मोठीच सोय म्हणावी लागेल.

जीटीए 5 हा गाड्या पळवण्याचा गेम खेळणाऱ्यांनी तर हा टप्पा कधीच टाळू नये. गाडीत बसताच लागणाऱ्या रेडिओवरील गाणी खऱ्या कलाकारांची असून त्यांचे हक्क संगीत कंपन्यांकडे असतात. त्यामुळे गेमचा प्रकाशक खुशाल परवानगी देत असला तरी गाण्यासाठी क्लेम, म्हणजे हक्कधारकाचा दावा, येऊ शकतो. रेडिओ बंद ठेवून गाडी चालवणे हा साधा उपाय आहे. सायबरपंक 2077 या गेममध्ये अशी गाणी वगळण्याची सोय सेटिंगमध्येच दिलेली आहे आणि इतर प्रकाशकांनीही तिचे अनुकरण करायला हवे.

खरी अडचण प्रकाशकांची आहे. हिरव्या खुणेचा अर्थ इतकाच, की संग्रहात जुळणारे काही आढळले नाही. परवानगी मिळाली असा तिचा अर्थ होत नाही. निन्टेंडो या जपानी गेम कंपनीने 2013 मध्ये आपल्या गेमच्या व्हिडिओंवर क्लेम लावून जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे वळवण्यास सुरुवात केली. 2015 मध्ये नोंदणीची योजना आणून एकेका व्हिडिओसाठी 60 टक्के, तर संपूर्ण चॅनल निन्टेंडोलाच वाहिलेले असेल तर 70 टक्के वाटा देऊ केला, आणि 2018 च्या अखेरीस ती योजनाही गुंडाळली. आज त्यांच्या नियमांनुसार वैयक्तिक निर्मात्याने स्वतःचे समालोचन किंवा कल्पकता घातली असेल, तर यूट्यूबच्या जाहिरातींतून पैसे मिळवण्यास त्यांची हरकत नसते. पाच वर्षांत इतके बदललेले हे धोरण स्टुडिओच्या पडद्यावर आपल्याला कोठेही दिसत नाही. पर्सोना 5 या गेमच्या वेळी, 2017 मध्ये, त्याच्या ॲटलस या कंपनीने कथेतील 7 जुलै या तारखेच्या पुढचे खेळणे दाखवल्यास क्लेम किंवा स्ट्राइक (चॅनलवर पडणारी कॉपीराइटची ताकीद) येऊ शकेल असे बजावले होते आणि टीका झाल्यावर ती मर्यादा 19 नोव्हेंबरपर्यंत वाढवली. गेममधल्या कॅलेंडरवर बेतलेली अट कोणतेही यंत्र कशी ओळखणार? कथाप्रधान गेमचा शेवट दाखवणे जपानमध्ये तर फारच महागात पडू शकते. तेथे एका व्यक्तीला गेमच्या अशा चित्रणासह ॲनिमेचे (जपानी ॲनिमेशन मालिकांचे) सारांश चढवल्याबद्दल 2023 मध्ये दोन वर्षांची, पाच वर्षांसाठी स्थगित केलेली कैद आणि दहा लाख येनचा दंड झाला.

क्लेम आल्यावरची व्यवस्था मात्र कागदावर दिसते तितकी समतोल नाही. वाद दाखल करताना 'परवाना आहे' हे कारण निवडून प्रकाशकाच्या धोरणातील मजकूर जोडता येतो. क्लेम आल्यापासून पाच दिवसांत हे केले, तर पहिल्या दिवसापासूनचे उत्पन्न राखून ठेवले जाते. पण त्या वादाचा निवाडा, 30 दिवसांच्या मुदतीत, क्लेम करणाराच करतो, म्हणजे फिर्यादीच न्यायाधीश. त्याने नकार दिल्यास अपील करता येते आणि त्यावर उत्तर द्यायला क्लेम करणाऱ्याला सात दिवस मिळतात. तेथेही तो अडून बसला आणि त्याने व्हिडिओ हटवण्याची मागणी केली, तर स्ट्राइक पडतो. 90 दिवसांत तीन स्ट्राइक पडल्यास चॅनल बंद होऊ शकते. त्यावर प्रतिसूचना, म्हणजे व्हिडिओ हटवणे चुकीचे असल्याचे औपचारिक निवेदन, देता येते, परंतु तीत आपले खरे नाव व पत्ता समोरच्याला कळतो आणि भारतात राहणाऱ्याला यूट्यूब जेथे आहे तेथील अमेरिकी न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते. साताऱ्यात बसून हजार-दोन हजार रुपयांच्या उत्पन्नासाठी अशा कागदावर सही करण्यापूर्वी जाणत्या वकिलाला विचारावे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये टीका आणि परीक्षणासाठी सवलत आहे खरी, पण दहा तासांचा संपूर्ण गेम दाखवून त्याला परीक्षण म्हणणे मला तरी धाडसाचे वाटते.

गाण्यांसाठी पाचपैकी साडेचार आणि प्रकाशकांच्या हक्कांसाठी दोन, असे गुण मी या सेवेला देईन. अपलोड करताना गेमचे नाव यूट्यूबला सांगता येतेच. त्याच ठिकाणी प्रकाशकाच्या व्हिडिओ धोरणाचा दुवा दिला, तर दुसऱ्या आकड्यात मी आनंदाने वाढ करीन. तोवर रेकॉर्डिंगला बसण्यापूर्वी प्रकाशकाच्या संकेतस्थळावरील धोरण वाचून त्या दिवसाच्या तारखेसह जतन करून ठेवावे, म्हणजे वादाच्या अर्जात जोडायला काहीतरी हाताशी राहते.