सही नसलेल्या लष्करी चित्राचा काळ ठरवून घेतला: पुण्यातल्या चित्रसंवर्धक मॅडमच्या सेवेबद्दल

घरात जुनं तैलचित्र आहे, त्यावर सही नाही, साल नाही, आणि ते कोणाचं व कधीचं हे कळावं अशी मनापासून इच्छा आहे, तर पुण्यात स्वतंत्रपणे काम करणाऱ्या या चित्रसंवर्धक मॅडमकडे जरूर जा. त्यांना प्रसिद्धी नको आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

चित्र आमच्या पणजोबांचं. आम्ही सातारा तालुक्यातले, घरात तीन पिढ्या फौजेत. अंगात लाल कोट, कॉलर आणि कफ काळे, खांद्यावर 103 आकडा, छातीवर तीन पदकं. आत्या सांगायची की पणजोबा काबूलच्या लढाईत होते आणि तिथे एका गोऱ्या साहेबाने त्यांना समोर बसवून हे काढलं. याआधी एका विक्रेत्याला दाखवलं होतं. त्याने मागची बाजू पाहिलीसुद्धा नाही. जे. जे.मध्ये शिकलेल्या एका नामवंत चित्रकाराचं नाव घेतलं आणि "कागद करून देतो, किंमत चौपट होईल" म्हणाला. मी चित्र उचलून घरी आणलं.

मॅडमनी पहिल्यांदा चित्र पालथं घातलं. कॅनव्हासवर विन्सर अँड न्यूटन या चित्रसाहित्याच्या इंग्रज कंपनीचा शिक्का निघाला, त्यात 'लिमिटेड' हा शब्द होता. ही कंपनी लिमिटेड झाली 1882 साली. आत्या सांगायची ती काबूलची लढाई ज्यात झाली, ते दुसरं अफगाण युद्ध त्याआधीच, 1880 मध्ये संपलं होतं. शिवाय त्या युद्धाच्या पदकाची फीत हिरवी आणि कडा किरमिजी असतात, तशी फीत चित्रात कुठेच नाही.

मग पोशाख. खांद्यावरच्या 103 बद्दल त्या म्हणाल्या, "काका, हा आकडा फार कामाचा आहे." 103 मराठा लाइट इन्फंट्री हे नाव पलटणीला 1903 मध्ये मिळालं आणि 1922 मध्ये गेलं. तेव्हा सगळ्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि 103 ची तिची पहिली बटालियन झाली.

खरी गाठ पदकांशी होती. तिन्ही पदकं पहिल्या महायुद्धाची: 1914-15 चा तारा, चांदीचं युद्धपदक आणि दुहेरी इंद्रधनुष्याच्या फितीचं विजयपदक. विजयपदक जाहीरच झालं 1919 मध्ये. आणि हा लाल कोट म्हणजे युद्धाआधीचा समारंभाचा पोशाख; युद्धानंतर सरसकट शिपायांना तो पुन्हा मिळालाच नाही. म्हणजे हा कोट आणि ही पदकं कोणत्याही चित्रकाराला एका माणसाच्या अंगावर एकत्र दिसणं जवळपास अशक्य.

पदकं आमच्या ट्रंकेत आहेत. मॅडमनी ती मागवून घेतली आणि भिंगातून वाचून दाखवली. गोल पदकांच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेलं असतं, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. नाव पणजोबांचंच. पलटण 1914 च्या अखेरीस मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरली, तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडली आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागतीनंतर कैदेत गेली. पणजोबा त्याच वर्षी कैदेत वारले, ही नोंद घरातल्या पेन्शनच्या कागदावर आहे. पदकं पणजीच्या हातात आली ती त्यांच्यामागे.

आता चित्र पुन्हा बघा, असं त्या म्हणाल्या. चेहरा मऊ, सपाट, सावल्या जवळजवळ नाहीत. तो फोटोवरून उतरवलेला. पदकं मात्र इतकी बारकाईने रंगवलेली की पंचम जॉर्जचं डोकं ओळखू येतं, कारण ती चित्रकारासमोर ठेवलेली होती. पलटण परदेशी जाण्याआधीचा फोटो आणि टपालाने आलेली पदकं घेऊन पणजी कुठल्यातरी चित्रकाराकडे गेली असणार. पणजी गेली 1931 मध्ये, म्हणून अहवालात काळ लिहिला आहे 1920 ते 1931. नवऱ्याने जी पदकं कधी पाहिलीसुद्धा नाहीत, ती तिने त्यांच्या छातीवर लावून घेतली. हे ऐकताना मी त्या खोलीत खूप वेळ काही बोललो नाही.

अतिनील दिव्याखाली मूळ पांढरा रंग पिवळसर हिरवा चमकला. तो झिंक व्हाइट, म्हणजे जस्तापासून केलेला पांढरा. उजवीकडचा खालचा कोपरा काळा दिसला, तिथे नंतर कोणीतरी टायटॅनियम व्हाइट लावून डागडुजी केली आहे. सही तिथेच झाकली गेली असेल अशी मला फार आशा होती. रंगाच्या थराखालचं दाखवणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) कॅमेऱ्याने पाहिलं, खाली काही नव्हतं. अहवालात चित्रकाराच्या नावापुढे 'अज्ञात' एवढंच लिहिलं आहे. त्या विक्रेत्याचा अनुभव घेतल्यावर मला या एका शब्दाची किंमत फार वाटते.

न्यू जर्सीतल्या चुलतभावाला चित्र तिकडे हवं होतं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं चित्र खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि आपल्या चित्राची शंभरी नेमकी याच काळात भरते, त्यामुळे तो विचार सोडा. त्याला आता चांगला फोटो छापून पाठवणार आहोत.

तपासणी आणि लेखी अहवाल मिळून 7,500 रुपये पडले, मला ते योग्य वाटले. अहवाल मात्र इंग्रजीत मिळतो. आत्यासाठी मला तो बसून मराठीत उतरवावा लागला. एवढं काम करणाऱ्या व्यक्तीने मराठी प्रतही द्यायला हवी, कारण अशी चित्रं बहुतेक गावाकडच्याच घरांत आहेत. वेळ लवकर मिळत नाही, आधी फोन करावाच लागतो. जिना अरुंद आहे, मोठी फ्रेम असेल तर सोबत माणूस न्या.

जाण्याआधी चित्र ओल्या फडक्याने पुसू नका, मागचा कागद किंवा खिळे काढू नका. पदकं, पेन्शनचे कागद, जुने फोटो, असेल ते सगळं बरोबर न्या. विक्रीची किंमत त्या काढून देत नाहीत.