पुढचा शाफ्ट काढून नऊ महिने: ऑल-व्हील गाडी मुंबईत फक्त मागच्या चाकांवर

गेल्या ऑक्टोबरात सर्व्हिस सेंटरने माझ्यापुढे चार लाख दहा हजारांचं एस्टिमेट ठेवलं. ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारा डबा, पूर्ण बदलायची. मी म्हटलं, आतला क्लच गेलाय ना, मग क्लचच बदला. उत्तर एकच, ‘सर, सुटा भाग येत नाही.’ दोन शनिवार तिथे वाद घातला. तेवढ्या पैशांत एक चांगली जुनी स्विफ्ट येते. शेवटी गाडी तशीच बाहेर काढली.

गाडी ऑल-व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, सहा सिलिंडरची, साडेतीनशे हॉर्सपॉवरची, सेकंड हँड घेतलेली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. चूक टायर बदलताना झाली, आणि तीच मला सविस्तर सांगायची आहे.

ऑगस्टमध्ये घोडबंदर रोडच्या एका खड्ड्यात पुढचा डावा टायर कडेने फाटला. मागचे निम्मे शिल्लक होते, म्हणून पैसे वाचवायला फक्त पुढची जोडी नवी घातली. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल, माझ्या मागच्यांची ४. म्हणजे त्रिज्येत ४ मिलिमीटरचा फरक, आणि चाकाच्या एका फेऱ्यात २५ मिलिमीटरचा. चाक किलोमीटरला सुमारे ४८० वेळा फिरतं, म्हणजे दर किलोमीटरला १२ मीटरची तफावत. ही तफावत ट्रान्सफर केसमधल्या क्लचच्या चकत्या घसरून भरून काढतात. घसरल्या की तापतात, तापल्या की तेल जळतं. दोन महिन्यांत खेळ आटोपला.

लक्षण आधी दिसलं ते आमच्या पार्ल्याच्या सोसायटीच्या रॅम्पवर. स्टिअरिंग पूर्ण वळवून चढावं लागतं असा तो अरुंद रॅम्प. तिथे गाडी थरथरायची, कोणीतरी मागून पकडून ठेवल्यासारखी. रोज सकाळ-संध्याकाळ ती थरथर पायाच्या तळव्यात जाणवायची.

मग कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एका ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. ते म्हणाले, ‘साहेब, तुमच्या गाडीत मागची चाकं कायम चालतात, पुढच्यांना ताकद क्लचमधून जाते. पुढचं तोडलं तरी गाडी चालणार.’ १९८९ च्या निसान स्कायलाईन जीटी-आरचीही रचना हीच, म्हणून तिचा फ्यूज काढून लोक ती मागच्या चाकांवर पळवायचे. बीएमडब्ल्यूने २०१७ च्या एम५ मध्ये तर टू-व्हील ड्राइव्हची सोय कारखान्यातूनच दिली. पण आडव्या इंजिनाच्या ऑल-व्हील गाड्यांवर, म्हणजे गोल्फ आर किंवा ऑडी एस३ वर, हा प्रयोग करू नका. त्या मुळात पुढच्या चाकांच्या गाड्या. क्लचमधून ताकद जाते ती मागच्यांना. मॅन्युअल गिअरच्या सुबारूमध्ये किंवा ऑडीच्या जुन्या ऑल-व्हील क्वाट्रोमध्ये मधलं डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, लॉक करावं लागतं, आणि ते काम बरंच मोठं आहे.

माझ्या गाडीचा फक्त पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ट्रान्सफर केसमधून पुढे ताकद नेणारा दांडा, काढला. चाकांकडे जाणारे ॲक्सल जागेवरच ठेवले, कारण हबचं बेअरिंग त्यांच्याच नटने आवळलेलं असतं. ते काढून गाडी चालवली तर बेअरिंग सुटतं. ट्रान्सफर केसचा क्लच सॉफ्टवेअरमधून बंद केला. त्याआधी दोन आठवडे नुसता त्या क्लचचा विजेचा प्लग काढून फिरलो होतो. तेव्हा डॅशबोर्डवर पिवळे दिवे होते आणि स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, बंद होतं. ते चुकीचं होतं, कोणी करू नये. कापाकापी, वेल्डिंग काहीच केलं नाही. सगळं परत बसवता आलं पाहिजे, शिवाय गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ डोक्यात होतं. विमा कंपनीला लेखी कळवलं. एकूण खर्च अठ्ठावीस हजार.

घरी आलो, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि रॅम्प चढलो. थरथर नाही, आवाज नाही. मी खाली जाऊन पुन्हा चढलो, आणि आणखी एकदा. इतक्या वर्षांत मला ही गाडी कधी एवढी आवडली नव्हती.

स्टिअरिंग हलकं झालंय, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते बोलकं झालंय. पहाटे साडेपाचला कोस्टल रोडवर, ८० च्या मर्यादेतसुद्धा, पुढचे टायर रस्त्याबद्दल काय सांगतायत ते हातात कळतं. मागून ढकलणारी गाडी वळणाच्या शेवटी हलकेच बसते आणि निघते. सिग्नलवरून सुटताना मात्र पहिली गती नक्कीच कमी झाली आहे. ॲक्सिलरेटर दाबला की मागचं चाक फिरतं, स्टॅबिलिटी कंट्रोल ताकद कापतं. ॲव्हरेजमध्ये फार फरक नाही. पुढचं डिफरन्शियल आणि ॲक्सल अजून चाकांबरोबर फिरतातच.

मार्चपर्यंत मी भेटेल त्याला सांगत होतो की शाफ्ट काढा. जूनमध्ये मत बदललं.

पहिल्या दमदार पावसानंतर चौथ्या दिवशी रॅम्पवर शेवाळ धरलं. ज्या वळणावर आधी थरथर व्हायची, तिथेच आतल्या बाजूचं मागचं चाक जागेवर फिरायला लागलं. गाडी चढेना. मागे दोन गाड्या, माझ्या शेजारी आई बसलेली, तिला डॉक्टरांकडून आणत होतो. वॉचमनकाकांनी गोणपाट टाकलं तेव्हा वर आलो. तुटक्या क्लचच्या त्या दोन महिन्यांतसुद्धा गाडी इथे कधी अडली नव्हती. जे. जे. फ्लायओव्हरवर ओल्या लोखंडी सांध्यांवरही मागची बाजू हलते, दर वेळी छातीत धस्स होतं. कंट्रोल सावरतं, पण झटका देऊन.

आता काका दर रविवारी ब्लीचिंग पावडर टाकून रॅम्प घासून घेतात, आणि मी पावसात दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर जेमतेम टेकवून चढतो. बहुतेक वेळा जमतं.

तरीही मी शाफ्ट परत बसवणार नाही, निदान वाजवी किमतीत चांगली ट्रान्सफर केस मिळेपर्यंत तरी. तो तेलाच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. घाट आणि पावसाळाच ज्यांचा रोजचा रस्ता आहे, त्यांनी खुशाल चार लाख भरावेत, मी त्यांना अडवणार नाही.

जानेवारीत मागची जोडी बदलली, सेहेचाळीस हजार. या रविवारी टायरच्या नक्षीची खोली मोजायचं गेज लावून पाहिलं. पुढे ६.५ मिलिमीटर, मागे ४.६. म्हणजे किलोमीटरला जवळपास सहा मीटरची तफावत. मागच्या वर्षी हा हिशेब मला येत असता तर क्लच वाचला असता. आता गेज पुसून डब्यात ठेवलं आणि गाडी धुवायला घेतली.