कार्बन पडताळणीची सेवा: चाकणमधील एका कारखान्याचा अनुभव

आमचा कारखाना चाकण औद्योगिक वसाहतीत आहे आणि तेथे वाहन उद्योगासाठी बोल्ट व स्क्रू तयार होतात. आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाने गेल्या वर्षी कळवले, की यापुढे हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचा आकडा त्रयस्थ संस्थेने पडताळलेला असल्याशिवाय पुरवठादारांच्या पोर्टलवर स्वीकारला जाणार नाही. त्यामुळे २०२४-२५ या आर्थिक वर्षाच्या अहवालासाठी आम्ही ज्या संस्थेची सेवा घेतली, तिच्याविषयी हा अभिप्राय आहे. काही तक्रारी असल्यामुळे आणि अजून एक वर्षाचा करार बाकी असल्यामुळे संस्थेचे नाव लिहीत नाही. मात्र अशी सेवा निवडणाऱ्या लघु व मध्यम उद्योगांना काय पाहावे आणि काय विचारावे, याचा अंदाज यावा.

या मागणीमागचे कारण थोडक्यात असे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२३ मध्ये बीआरएसआर कोअर ही पर्यावरण, समाज व कारभाराविषयीच्या निवडक आकड्यांची चौकट आणली आणि बाजारमूल्यानुसार पहिल्या १५० सूचिबद्ध कंपन्यांना २०२३-२४ पासून त्यातील आकड्यांवर स्वतंत्र तपासणी बंधनकारक केली. ही संख्या टप्प्याटप्प्याने वाढवत २०२६-२७ पर्यंत पहिल्या १००० कंपन्यांपर्यंत नेण्याचे ठरले. मोठ्या कंपनीचा आकडा तपासला जाऊ लागला, की ती आपल्या पुरवठादाराच्या आकड्याकडेही निराळ्या नजरेने पाहू लागते, आणि ती नजर चाकणच्या गल्लीबोळांतील शेडपर्यंत पोहोचायला फार वेळ लागत नाही.

आधीच्या वर्षी आम्ही दुसऱ्याच एका सल्लागाराकडून स्वस्तात काम उरकले होते. ‘अहवालही आम्हीच करून देतो आणि पडताळणीचे प्रमाणपत्रही आम्हीच देतो’ असा त्यांचा प्रस्ताव होता. त्या वेळी मला तो सोयीचा वाटला, हे प्रामाणिकपणे सांगतो. एक ऑनलाइन बैठक झाली, एक्सेलची फाइल ई-मेलने गेली आणि चौथ्या दिवशी सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र आले. ग्राहकाने ते परत पाठवले. ज्याने हिशेब लिहिला त्यानेच तो तपासायचा नसतो, ही गोष्ट आमच्या लेखा विभागातील कोणीही सांगितली असती. कार्बनचा विषय नवा म्हणून आम्हीच ती विसरलो.

म्हणून या वेळी प्रस्ताव मागवताना प्रथम अधिस्वीकृती, म्हणजे पडताळणी करण्याच्या पात्रतेची अधिकृत मान्यता, पाहिली. उत्सर्जनाचा अहवाल कसा करावा हे आयएसओ १४०६४ च्या पहिल्या भागात आहे, तो कसा पडताळावा हे तिसऱ्या भागात आहे, आणि पडताळणाऱ्या संस्थेने स्वतः कोणत्या अटी पाळाव्यात हे आयएसओ १४०६५ मध्ये आहे. भारतात या शेवटच्या मानकाची अधिस्वीकृती एनएबीसीबी हे राष्ट्रीय मंडळ देते. येथे बारकाईने पाहावे लागते, कारण आयएसओ १४००१ ची, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाची, प्रमाणपत्रे देणारी संस्था नावाजलेली असली, तरी तेवढ्यावरून तिच्याकडे १४०६५ ची अधिस्वीकृती असतेच असे नाही. आमच्याकडे आलेल्या चार कोटेशनपैकी दोन याच कारणाने बाद झाली. निवडलेल्या संस्थेने पावणेदोन लाख रुपये अधिक १८ टक्के जीएसटी आकारला. त्यात दोन दिवसांची प्रत्यक्ष भेट, कागदपत्रांची छाननी आणि अंतिम पडताळणी निवेदन यांचा समावेश होता.

सुरुवात चांगली झाली नाही. संस्थेचे नियोजन कार्यालय परराज्यात असल्यामुळे त्यांनी भेटीचा पहिला दिवस गुरुवार ठरवला. चाकण-भोसरी पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, हे त्यांना दोन वेळा कळवावे लागले. अखेर भेट मंगळवार-बुधवारवर आली. पहिल्या दिवशी भर पावसात नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंतची वाहतूक पार करून दोघे ऑडिटर साडेनऊऐवजी पावणेअकराला पोहोचले. याचा दोष मात्र मी त्यांना देणार नाही.

प्रमुख ऑडिटर मॅडमनी सभागृहातील सादरीकरण दहा मिनिटांत थांबवले आणि आधी कारखाना पाहू या, असे सांगितले. माझ्या मते या संपूर्ण सेवेची किंमत पुढच्या दोन तासांतच वसूल झाली. उष्णता-प्रक्रिया विभागात आमच्या दोन सलग चालणाऱ्या भट्ट्या आहेत. त्या विजेवर तापतात, म्हणून आमच्या अहवालात त्यांची फक्त वीज मोजलेली होती. मॅडम भट्टीच्या तोंडाशी थांबल्या आणि तेथे संथ जळत असलेल्या निळसर-पिवळ्या ज्योतीकडे पाहत त्यांनी भट्टीवरच्या मामांना विचारले, “मामा, भट्टी विजेची आहे ना? मग ही ज्योत कशाची?”

“मिथेनॉलची, मॅडम. आत थेंब थेंब सोडतो. ही विझली तर भट्टी थांबवावी लागते,” मामा म्हणाले.

बोल्टच्या पृष्ठभागावरील कार्बन टिकावा म्हणून भट्टीत विशिष्ट वायूंचे वातावरण राखावे लागते आणि आम्ही त्यासाठी नायट्रोजनबरोबर मिथेनॉल वापरतो. खरेदी विभागाच्या दृष्टीने ते रसायन, इंधन नव्हे; त्यामुळे इंधनांच्या यादीत ते कधी आलेच नाही. एक किलो मिथेनॉल पूर्ण जळाले की १.३७५ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे अकरावीच्या रसायनशास्त्राचे गणित आहे. आमचा वर्षाचा वापर सुमारे ३०,००० लिटर, म्हणजे जवळपास ३३ टन उत्सर्जन अहवालाबाहेर राहिले होते. रोज त्या ज्योतीसमोरून जाणाऱ्या मला अठरा वर्षांत तो प्रश्न पडला नव्हता. एकूण आकड्यात हा वाटा दीड टक्क्याच्या आसपासच भरतो, पण स्रोत वगळायचा असेल तर तो का वगळला हे अहवालात लिहावे लागते. नजरेतून सुटला, हे कारण तेथे चालत नाही.

दुसरी चूक मोठी निघाली, आणि गंमत म्हणजे ती आमच्याच विरुद्ध होती. विजेचे उत्सर्जन काढताना वापरलेल्या युनिटना केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या उत्सर्जन घटकाने गुणतात. आमच्या एक्सेलमध्ये ०.८२ हा घटक कोणत्या तरी जुन्या फाइलमधून चालत आला होता. प्राधिकरणाने २०२३-२४ साठी प्रसिद्ध केलेला घटक ०.७२७ आहे, म्हणजे प्रत्येक मेगावॉट-तासामागे (हजार युनिटमागे) तेवढे टन. आमच्या २४ लाख युनिटवर हा फरक २२३ टनांचा झाला. पहिल्या दोन स्कोपचे, म्हणजे कारखान्यातील थेट आणि विकत घेतलेल्या विजेचे मिळून, आमचे एकूण उत्सर्जन साधारण दोन हजार टन असताना ही चूक त्याच्या दहाव्या भागाहून मोठी ठरली, आणि करारात महत्त्वाच्या चुकीची मर्यादा ५ टक्के ठरलेली होती. ‘आकडा जास्त दाखवला आहे, कमी नाही, मग राहू द्या ना’ असे आमच्या एका व्यवस्थापकांनी सुचवले. मॅडमनी ते शांतपणे नाकारले. यंदाचा आकडा फुगलेला राहिला, तर पुढच्या वर्षी नुसता घटक सुधारूनही आम्ही मोठी कपात केल्याचे दिसले असते, आणि ती कपात खोटी असती.

दुरुस्ती कशी करायची, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. मी विचारले, “मॅडम, इथे नेमका कोणता आकडा घालू, तेवढे सांगा.” त्यावर “ते तुम्ही ठरवायचे, आम्ही तपासायचे,” एवढेच उत्तर मिळाले. त्या क्षणी मला याचा राग आला होता. पैसे भरूनही उत्तर मिळत नाही, ही भावना या सेवेत वारंवार येते. परंतु आधीच्या वर्षीचे परत आलेले प्रमाणपत्र आठवले की ती ओसरते.

डिझेलच्या नोंदी त्यांनी जनरेटरच्या लॉगबुकाशी आणि खरेदीच्या बिलांशी ताडून पाहिल्या. फोर्कलिफ्टसाठी त्याच पिंपातून जाणारे डिझेल निघाले आणि तफावत मिटली. एअर कंडिशनरच्या बाबतीत आमची बाजू लंगडी होती, कारण दुरुस्तीवाल्याच्या बिलावर फक्त ‘गॅस भरला’ असे असते, किती किलो ते नसते. जुन्या यंत्रांतील आर-२२ वायूचा एक किलो हवेत गेला, की तो १७६० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरतात, म्हणून हा तपशील क्षुल्लक नाही.

आता तक्रारींकडे येतो. स्कोप तीनची, म्हणजे खरेदी केलेला माल, वाहतूक, कामगारांचा प्रवास यांची छाननी दुसऱ्या, नवख्या ऑडिटरकडे होती. त्यांनी पोलाद खरेदीची तीच माहिती तीन वेगवेगळ्या तक्त्यांत मागितली आणि शेवटी पहिलाच तक्ता स्वीकारला. प्रत्यक्ष तपासणीत जी धार होती, ती येथे दिसली नाही.

निवेदन भेटीनंतर १५ कामकाजाच्या दिवसांत देण्याचे ठरले होते. ते सहा आठवड्यांनी आले. ऑडिटरच्या कामाची संस्थेतीलच दुसऱ्या तज्ज्ञाकडून फेरतपासणी व्हावी लागते आणि ती हवीच. परंतु तिला लागणारा वेळ आधी सांगता आला असता. पोर्टलची मुदत आम्हाला विनंती करून वाढवून घ्यावी लागली. पहिल्या मसुद्यात तर आमच्या बॉयलरमधील कोळशाच्या वापराचा एक परिच्छेद होता. आमच्याकडे बॉयलर नाही. कोणत्या तरी अन्य ग्राहकाचा मजकूर उचलून चिकटवला होता, हे उघड आहे, आणि दोन लाखांच्या आसपास शुल्क घेणाऱ्या संस्थेकडून हे अपेक्षित नव्हते.

सर्वांत गंभीर तक्रार विक्री विभागाविषयी आहे. युरोपीय संघाच्या सीमा-कार्बन यंत्रणेत, म्हणजे सीबीएएममध्ये, लोखंड-पोलादाबरोबर बोल्ट-स्क्रूही येतात, आणि १ जानेवारी २०२६ पासून तिचा प्रत्यक्ष टप्पा सुरू होणार असल्यामुळे आम्हाला त्याची चिंता होती. ‘हेच निवेदन तिकडेही चालेल’ असे कोटेशनच्या वेळी तोंडी सांगण्यात आले. भेटीच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनीच तो गैरसमज दूर केला: आमचे निवेदन संपूर्ण कारखान्याच्या वार्षिक उत्सर्जनाचे आहे, तर सीबीएएमला प्रत्येक टन मालामागचे उत्सर्जन त्यांच्या नियमांनुसार मोजून हवे असते आणि त्याची पडताळणी वेगळी असते. ऑडिटर खरे बोलतात आणि विक्रेते गोड बोलतात, अशी विभागणी एकाच संस्थेत असू नये.

निवेदनाच्या भाषेविषयीही सांगायला हवे. आम्ही लिमिटेड अ‍ॅश्युरन्स, म्हणजे मर्यादित खात्रीची पातळी घेतली होती. त्यातील मुख्य वाक्य असे असते, की हे विधान चुकीचे असल्याचे मानावे असे काहीही आमच्या निदर्शनास आलेले नाही. आमच्या मालकांनी ते दोनदा वाचले आणि मला विचारले, “म्हणजे आकडा बरोबर आहे, असे कुठेच लिहिलेले नाही?” खरोखरच नसते. तसे होकारार्थी मत हवे असेल तर रीझनेबल अ‍ॅश्युरन्स घ्यावा लागतो. त्यात नमुने जास्त तपासले जातात, दिवस वाढतात आणि शुल्कही. ग्राहकाला कोणती पातळी हवी आहे, हे कोटेशन मागवण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

प्रत्यक्ष तपासणीला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, कार्यालयीन कामाला दोन, विक्री विभागाला एक. पुढच्या वर्षीच्या खरेदी आदेशात प्रमुख ऑडिटरचे नाव, फेरतपासणीचे दिवस आणि उशिरासाठी शुल्ककपात, या तीन अटी घातल्या आहेत. पहिल्या दोन संस्थेने मान्य केल्या, तिसरीवर अजून घासाघीस चालू आहे. भांडाराच्या नोंदवहीत मिथेनॉलसाठी वेगळा रकाना आखला आहे, आणि एसीवाल्याला किलो लिहिल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही असे बजावले आहे. त्याने गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच वजनकाटा आणला.