मधली जागा आणि कोपऱ्यातली खुर्ची : केईएफ एलएस ५० मेटा स्पीकर

आमच्या जुन्या स्पीकरांच्या वूफरभोवतीची, म्हणजे खालच्या स्वरांच्या मोठ्या शंकूभोवतीची, फोमची कड बोट लावताच भुग्यासारखी गळून पडू लागली, तेव्हा नवे स्पीकर घेण्याचा विषय घरात निघाला. ही कड बदलून मिळते आणि आम्ही ती पूर्वी एकदा बदलून घेतलीही होती. त्यामुळे ज्यांचे स्पीकर एरवी उत्तम आहेत त्यांनी केवळ कड विरली म्हणून ते मोडीत काढू नयेत, असे मी आवर्जून सांगेन. आमची खरी अडचण वेगळी होती. ते स्पीकर मी लग्नाआधी एकटीने आणि एकटीसाठी निवडलेले होते, आणि इतक्या वर्षांत माझ्या नवऱ्याने ते आपणहून लावून निवांत ऐकल्याचे मला एकदाही आठवत नव्हते.

या वेळी निवड दोघांची असावी असे ठरले, आणि एकमेकांना न दाखवता आम्ही आपापल्या अपेक्षा कागदावर लिहून काढल्या. माझ्या कागदावर खोल खर्ज, वाद्यांची ऐसपैस मांडणी आणि आवाज वाढवला तरी न चिरकणारे वरचे सूर, इतकेच होते. त्याने लिहिले होते की आवाज बारीक ठेवला तरी गाण्याचे शब्द कळावेत, तासभर ऐकून डोके जड होऊ नये, खिडकीचा पडदा पूर्ण सरकवता यावा, आणि सर्वांत शेवटी, ‘माझ्या खुर्चीतूनही नीट ऐकू यावे’. हा शेवटचा मुद्दा मला वाचताना सर्वांत किरकोळ वाटला होता. निवड अखेर त्याच मुद्द्यावर झाली.

त्याची वाचायची खुर्ची खोलीच्या डाव्या कोपऱ्यात, डाव्या स्पीकरच्या बरीच जवळ आहे. ‘तू एकदा मधल्या जागेवरून ऊठ आणि इथे येऊन बस,’ असे तो म्हणाला, आणि जुनेच स्पीकर चालू असताना मी जाऊन बसले. मधोमध ऐकताना जी गायिका दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभी असल्यासारखी वाटे, तिचा आवाज त्या खुर्चीतून ऐकताना सरळ डाव्या खोक्यात जाऊन बसला होता. उजवीकडचा तानपुरा जवळजवळ नाहीसा झाला होता, आणि जो आवाज येत होता तोही मंद, पांघरुणाखालून आल्यासारखा वाटत होता. मी पुढे वाकले तेव्हा त्याचा पोत बदलला, उभी राहिले तेव्हा आणखी बदलला. त्याला संगीताची आवड कमी आहे, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. प्रत्यक्षात आम्ही एकाच खोलीत बसून दोन वेगवेगळ्या प्रतीचे ध्वनी ऐकत होतो, आणि चांगला तेवढा माझ्या वाट्याला येत होता.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नेहमीच्या स्पीकरमध्ये वरच्या स्वरांचा ट्वीटर वर आणि खालच्या स्वरांचा वूफर खाली असतो. दोघांच्या कामाची वाटणी ज्या कंप्रतेला (स्वराच्या उंचीला) होते, तिच्या आसपास एकच स्वर दोन वेगळ्या ठिकाणांहून निघतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानाची उंची बदलली की या दोन ठिकाणांपासूनचे अंतर कमीजास्त होऊन ते ध्वनी एकमेकांना काही ठिकाणी पुष्टी देतात तर काही ठिकाणी खोडून काढतात. शिवाय वूफरचा शंकू जितका मोठा, तितका त्याचा वरच्या स्वरांचा झोत अरुंद होत जातो. म्हणून बाजूला बसलेल्याला ते स्वर कमी मिळतात. कुशल रचनाकार हे परिणाम पुष्कळ आटोक्यात ठेवतात, पण आमच्या जुन्या जोडीत ते फारसे ठेवलेले नव्हते.

दुकानात बरेच स्पीकर ऐकल्यावर दोन जोड्या उरल्या. पहिली माझ्या आवडीची, व्हार्फडेल कंपनीने आपल्या ८५ वर्षांच्या निमित्ताने काढलेली लिंटन. लिंटन हे नाव त्या कंपनीच्या यादीत १९६५ पासूनचे आहे, आणि ही नवी आवृत्तीही जुन्या वळणाची, रुंद छातीची, लाकडी मुलाम्याची आहे. आठ इंची वूफर, पाच इंची मध्यस्वरांचा शंकू आणि वर एक इंची कापडी घुमटाचा ट्वीटर अशी तिची तिहेरी रचना आहे. तिच्या स्टँडच्या पोटात रेकॉर्ड उभ्या ठेवता येतात, आणि डग्ग्याची घुमक तिच्यातून अशी उमटते की हाताचा तळवा कातड्यावरून सरकताना दिसावा. त्या आवाजावर माझा जीव जडला होता, हे मी मोकळेपणाने लिहिते.

दुसरी जोडी म्हणजे केईएफची एलएस ५० मेटा. घरी आणण्यापूर्वी आम्ही दोन्हींच्या मापाचे पुठ्ठ्याचे खोके तयार करून, योग्य त्या उंचीवर, पाच दिवस जागेवर ठेवले. ही युक्ती प्रत्येकाने करावी, कारण माहितीपत्रकातले आकडे आणि वाटेत उभी असलेली वस्तू यांत फार अंतर असते. लिंटनचे खोके सुमारे ५७ सेंटिमीटर उंच, ३० सेंटिमीटर रुंद आणि त्याहून थोडे अधिक खोल. त्यात मागे पोर्ट, म्हणजे खर्जाची हवा बाहेर सोडणारे भोक, असल्याने ते भिंतीपासून पुढे ओढावे लागते. दुसऱ्याच दिवशी पडदा सरकवताना नवऱ्याच्या हाताने पुठ्ठा आडवा झाला, आणि त्याच्या खुर्चीतून पाय लांब केला तर तो थेट स्टँडला लागत होता. हा लिंटनचा दोष नाही. मोठ्या खोलीत, समोरच्या भिंतीपासून मोकळ्या जागेत ती जोडी राजेशाही वाटेल. आमच्या खोलीने तिला नकार दिला. एलएस ५० मेटाचा पुठ्ठा मात्र पाच दिवसांत कोणाच्याही आड आला नाही. त्याची उंची जेमतेम ३० सेंटिमीटर आणि रुंदी २० सेंटिमीटर आहे.

आकाराने लहान म्हणून ती निवडली असती तर मला जन्मभर रुखरुख लागली असती. म्हणून दोन्ही जोड्या तात्पुरत्या घरी मागवून आम्ही पुन्हा ऐकल्या. ऐकणाऱ्याने डोळे मिटायचे, दुसऱ्याने तारा बदलायच्या, आणि प्रत्येक वेळी ध्वनिमापकाने दोन्हींची पातळी सारखी करायची, असा नियम ठेवला. पातळी जुळवण्याचा कंटाळा कोणीही करू नये. एखादा डेसिबल जास्त वाजणारा स्पीकर कानाला ‘जास्त वाजणारा’ न वाटता ‘जास्त चांगला’ वाटतो, आणि लिंटनची संवेदनशीलता (ठरावीक शक्तीवर निघणारा आवाज) ९० डेसिबल तर एलएस ५० मेटाची ८५ असल्याने बटण न हलवता केलेली तुलना सरळसरळ खोटी ठरली असती.

मधल्या जागेवर मी तीनदा लिंटनच्या बाजूने कौल दिला. मग जागा बदलून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, आणि तिथे एलएस ५० मेटा ऐकताना मला थांबावे लागले. गायिका थोडी डावीकडे सरकली होती हे खरे, कारण जवळच्या स्पीकरचा ध्वनी कानावर आधी पोचतो आणि कान त्याच्याच बाजूने कौल देतो. हे कोणताही स्पीकर पूर्णपणे पुसू शकत नाही. पण तिचा आवाज तोच होता. ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक, ओळ संपताना घेतलेला श्वास, तानपुऱ्याच्या जव्हारीची ती बारीक चमक, सगळे मधल्या जागेवर होते तसेच होते. मी उभी राहिले, खाली बसले, खिडकीपर्यंत गेले, तरी आवाजाने आपला रंग बदलला नाही.

याचे श्रेय केईएफच्या युनि-क्यू रचनेला आहे. कंपनीने ती १९८८ मध्ये प्रथम आणली. तिच्यात ट्वीटर वूफरच्या वर न बसवता त्याच्या शंकूच्या मध्यभागी बसवलेला असतो, त्यामुळे खालचे आणि वरचे स्वर एकाच बिंदूतून निघतात आणि भोवतालचा शंकूच ट्वीटरच्या झोताला वळण देतो. एलएस ५० मेटामध्ये १३० मिलिमीटरचा शंकू आणि २५ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा घुमट आहे. २०२० च्या या आवृत्तीत ट्वीटरच्या मागे चक्रव्यूहासारख्या नळ्यांची एक चपटी चकती बसवली आहे. तिची प्रत्येक नळी ठरावीक कंप्रता गिळते, आणि घुमटाच्या पाठीमागून निघणारा नको असलेला ध्वनी ९९ टक्के शोषला जातो असे कंपनी सांगते. तो आकडा मोजण्याचे साधन माझ्याजवळ नाही. मात्र झांजांचा आवाज कितीही वेळ ऐकला तरी कानाला बोचत नाही, हे मी खात्रीने सांगू शकते. नवऱ्याच्या कागदावरचे ‘डोके जड होऊ नये’ हे कलम इथे पुरे झाले.

या स्पीकरच्या घराण्याचीही थोडी ओळख करून द्यावीशी वाटते. केईएफची स्थापना रेमंड कुक यांनी १९६१ मध्ये इंग्लंडमधील मेडस्टोन येथे केली. बीबीसीने आपल्या बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांत वापरण्यासाठी जो एलएस ३/५ ए हा छोटेखानी स्पीकर घडवला, त्यात केईएफचेच वूफर आणि ट्वीटर होते. अडचणीच्या जागेत बसून निवेदकाचा आवाज खराखुरा आहे की नाही हे पारखणे, हे त्याचे काम होते. कंपनीच्या पन्नाशीनिमित्त २०१२ मध्ये आलेला पहिला एलएस ५० त्याच्याच प्रेरणेतून घडला, आणि माणसाच्या आवाजाविषयीचा तो जिव्हाळा मेटामध्येही ऐकू येतो.

बारीक आवाजात ऐकण्याच्या बाबतीत मात्र निकाल इतका एकतर्फी नाही. आवाज कमी केला की माणसाचा कान खर्जाकडे अधिकच दुर्लक्ष करतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले आहे. एलएस ५० मेटाचा खर्ज मुळातच मर्यादित आहे. कंपनीच्या माहितीनुसार तो ७९ हर्ट्झच्या खाली ३ डेसिबलहून अधिक उतरू लागतो, तर लिंटनसाठी हाच आकडा ४० हर्ट्झ दिलेला आहे. रात्री हळू लावल्यावर शब्द अगदी स्वच्छ कळतात, पण डबल बासचा पाया पातळ होतो. माझ्या कागदावरचा पहिला मुद्दा इथे अपुरा राहिला, आणि ज्यांना खर्जाचीच ओढ आहे त्यांनी सबवूफरसाठी (फक्त खर्जाच्या वेगळ्या स्पीकरसाठी) जागा आणि तरतूद आधीच करून ठेवावी.

ॲम्प्लिफायरच्या निवडीतही सावध राहावे. लिंटनच्या तुलनेतली पाच डेसिबलची तूट भरून काढायची तर तिपटीहून थोडी अधिक शक्ती लागते, आणि या स्पीकरचा रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) नावाला ८ ओहम असला तरी काही कंप्रतांना तो ३.५ ओहमपर्यंत उतरतो. कंपनी ४० ते १०० वॅटची शिफारस करते. आमचा जुना ॲम्प्लिफायर त्या मर्यादेत होता म्हणून निभावले. एखाद्या नाजूक, कमी शक्तीच्या ॲम्प्लिफायरवर ही जोडी लादू नये.

रूपाविषयी आमचे मत सहज जुळले. पुढचा भाग किंचित फुगीर आहे आणि तोही कामाचाच, कारण धारदार कोपऱ्यांवर आदळून ध्वनी विखुरतो तसा तो इथे विखुरत नाही. आम्ही पांढरा रंग घेतला. जाळी सोबत येत नाही, वेगळी घ्यावी लागते. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी ती पहिल्याच दिवशी घ्यावी, कारण चकाकणारा तो मधला घुमट बोटांना बोलावतो.

मांडणीसाठी आम्हाला दोन रविवार लागले. स्टँडची उंची अशी घेतली की बसल्यावर कान शंकूच्या मध्याशी यावेत. मग दोन्ही स्पीकर बरेच आत वळवले, इतके की त्यांचे रोख आमच्या पुढे एकमेकांना छेदतात. त्यामुळे डाव्या खुर्चीकडे उजव्या, म्हणजे लांबच्या स्पीकरचे तोंड होते आणि जवळचा थोडा बाजूला वाजतो. आधी पोचणाऱ्या ध्वनीचा वरचढपणा यामुळे काहीसा भरून निघतो आणि गायिका पुन्हा मध्याकडे सरकते. मधल्या जागेवर मांडणीची रुंदी त्यामुळे थोडी आक्रसली. मी ती जाणूनबुजून सोडली.

शेवटचा प्रश्न पडद्याचा होता. पडदा मोकळा सरकावा म्हणून स्पीकर आम्हाला भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर ठेवावे लागले, आणि मागच्या पोर्टमुळे तिथे डग्गा गढूळ वाजू लागला. यासाठी फोमची बुचे सोबतच मिळतात, आणि त्यांचा मधला गाभा वेगळा काढता येतो. बुचे पूर्ण बसवली तेव्हा आवाज स्वच्छ पण कोरडा झाला. काढून टाकली तेव्हा मला आवडले आणि नवऱ्याला नाही. सध्या गाभा काढून फक्त बाहेरचे कडे ठेवले आहे. काल संध्याकाळी मी बाहेरून आले तेव्हा खुर्चीत पुस्तक मिटून ठेवलेले होते, आणि तो उठून मधल्या जागेवर बसून ऐकत होता.