चक्कर, डोकेदुखी आणि कानात शिटी: आधी कान-नाक-घसा की आधी न्यूरो?

बीपी, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 सगळं तपासून झालंय, रिपोर्ट ठीक आहेत, तरी डोकं दुखायचं थांबत नाही, मधूनच चक्कर येते आणि कान वाजतात. फॅमिली डॉक्टर म्हणतात, आता स्पेशालिस्टला दाखवा. पण कोणाला? नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून मुंबई नाक्यापर्यंत डॉक्टरांच्या पाट्यांची वाण नाही. आधी कान-नाक-घशाकडे जायचं की आधी न्यूरोकडे, एवढाच प्रश्न आहे.

कुठेही जा, 'चक्कर' हा शब्द मात्र घरी ठेवून जा. त्यात चार वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात. खोली गरगर फिरते? उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते? डोकं ठीक असतं, पण चालताना तोल जातो? की नुसतंच डोकं हलकं वाटतं? गरगरणं बहुधा कानाच्या आतल्या भागातून किंवा मायग्रेनमधून येतं. अंधारी आली तर आधी बीपी बघावं: पाच मिनिटं आडवं पडून एकदा, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर दोन्ही स्पेशालिस्टांच्या आधी बीपीच्या गोळ्यांचा हिशेब तपासायला हवा.

दुसरी नोंद वेळेची. कूस बदलल्यावर एखादं मिनिटसुद्धा न टिकणारं गरगरणं म्हणजे बहुतेकदा कानातले कण जागा सोडून भलत्या नळीत शिरलेले असतात. वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत गरगरणं, सोबत एका कानात दडा, घूं घूं आणि कमी ऐकू येणं, ही मेनिएर या आतल्या कानाच्या आजाराची खूण. मायग्रेनची चक्कर पाच मिनिटांपासून थेट 72 तासांपर्यंत कितीही चालते आणि त्या वेळी डोकं दुखलंच पाहिजे असंही नाही. उजेड नकोसा होणं किंवा आवाजाने त्रास होणं एवढंही पुष्कळ सांगून जातं.

न्यूरोची बाजू इथेच भक्कम होते. डोकेदुखी आणि चक्कर दोन्ही असलेल्या पुष्कळ लोकांचं निदान शेवटी मायग्रेनच निघतं. ते कुठल्याही मशीनवर दिसत नाही, विचारपूस करूनच ठरतं. न्यूरोवाले आणखी एक गोष्ट हटकून विचारतात, ती म्हणजे महिन्यातले किती दिवस गोळी घेता. साधी पॅरासिटामॉल महिन्यात 15 दिवस किंवा कॅफीन मिसळलेली जोडगोळी 10 दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं असेल तर गोळीच डोकेदुखीला कारण होऊन बसते. कानातला आवाज नाडीच्या ठेक्यावर धडधडत असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्यावा. डोक्यातल्या पाण्याचा दाब वाढल्याची सूज तिथे दिसते.

कान-नाक-घशाकडचं काम त्या मानाने रुक्ष. मळ काढतात, पडदा बघतात, पलंगावर झटकन आडवं करून मान वळवून डोळ्यांची थरथर बघतात. कणांचाच त्रास असेल तर त्याच पलंगावर मान ठरावीक क्रमाने फिरवून कण जागेवर नेता येतात. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, साधारण अर्ध्या तासाची. आलेख 4000 हर्ट्झजवळ खड्ड्यासारखा खचला असेल तर कारखान्यातल्या गोंगाटाचा संशय घ्यावा. अंबड-सातपूरच्या प्रेस शॉपमधल्यांनी रात्रपाळी संपवून थेट तपासणीला जाऊ नये. कान तात्पुरते मंद झालेले असतात आणि आलेख उगाच वाईट येतो. खोलीही बघून घ्या. आवाजबंद केबिन नसेल आणि बाहेर रिक्षा घरघरत असतील तर खालच्या पट्टीतले सूर ऐकू येत नाहीत, आलेख मेनिएरसारखा दिसतो आणि नसलेल्या आजाराच्या गोळ्या सुरू होतात.

माझा कौल ठरला तो एका कटकटीमुळे: एमआरआय. आधी न्यूरोकडे गेलं की बऱ्याचदा मेंदूचा साधा एमआरआय होतो, रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि घरचे म्हणतात, "बघ, काही नाही, टेन्शन घेऊ नकोस." मग कधीतरी ऑडिओमेट्री होते, एक कान दुसऱ्यापेक्षा मंद निघतो आणि कानाचे डॉक्टर म्हणतात की ऐकण्याच्या नसेची बारीक पट्ट्यांत घेतलेली चित्रं यात नाहीतच. पुन्हा मशीन, पुन्हा बिल. त्या नसेवरची छोटी गाठ जाड पट्ट्यांच्या साध्या एमआरआयमध्ये निसटू शकते. उलट क्रमाने गेलं तर ऑडिओमेट्रीच सांगते की एमआरआय हवा का, आणि हवा तर चिठ्ठीवर 'आतल्या कानाच्या नळीसह' हे लिहून मिळतं. सगळ्यांच्याच बाबतीत असं होतं असं नाही. आधीच ऑडिओमेट्री मागणारे न्यूरोवालेही आहेत. पण मी स्वतः कानापासून सुरुवात केली आणि आजही तेच करेन. डोकेदुखी रोजची आणि चक्कर वर्षातून दोनदा असेल तर मात्र हट्ट नको, सरळ न्यूरोकडे जावं.

कुठेही गेलात तरी चक्कर दाबणारी गोळी, सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन, तपासणीआधी घेऊ नका. आधीच चालू असेल तर दोन-तीन दिवस थांबवता येईल का ते विचारा, कारण तिच्या असरात डोळ्यांची थरथर दिसत नाही. ती महिनोन्महिने चालवू नये. मेंदूला तोल सावरायला शिकायचं असतं, ते शिकणंच लांबतं. मानेच्या एक्स-रेवर 'स्पॉन्डिलायसिस' आला म्हणून पट्टा बांधून मोकळं होणं हीही आपल्याकडची जुनी खोड. पन्नाशीनंतर असे बदल काहीच त्रास नसलेल्यांच्या मानेतही दिसतात.

थंडीत एक गोष्ट तपासाच. निफाडचा पारा घसरला की बाथरूमची खिडकी बंद होते आणि आत गॅस गीझर चालू असतो. डोकेदुखी नि चक्कर आंघोळीनंतरच येत असेल, घरातल्या दुसऱ्यालाही तसंच होत असेल, तर तो कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. गीझर बाहेर हलवा, डॉक्टर नंतर.

खर्चाचा प्रश्न असेल तर त्र्यंबक नाक्याचं सिव्हिल आहे, आडगावच्या मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबई गाठायची ती इथल्या दोघांची मतं जुळली नाहीत तरच, आणि तेव्हाही एमआरआयची सीडी नि मूळ ऑडिओग्राम सोबत हवाच. नुसत्या रिपोर्टचा कागद नेला तर तपासण्या पुन्हा पहिल्यापासून होतात.

हे सगळं जुनाट त्रासाचं झालं. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा गाठा, स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांत सर्वांत जास्त होतो. आणि डोकं एकाएकी कधी नव्हे इतकं ठणकलं, जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले किंवा उभंच राहता येईना, तर 108.