तीन मजली मोडाचा डबा: थंडी, उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात वापरून

दिवाळीनंतर ऑनलाइन मागवला. आम्ही जळगावचे, घरात मटकी-मूग सतत लागतात. थंडीत डब्याने काही घाई केली नाही, फडक्यातल्याइतकाच वेळ घेतला. फायदा इतकाच की पाणी घालून निथळणं सोपं आणि मोड धाग्यात अडकून तुटत नाहीत.

खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. पारा चव्वेचाळीसच्या वर, गच्चीवरच्या टाकीतून नळाला दुपारी चटके देणारं पाणी. मोड रातोरात फुटतात, आणि जंतूंनाही हेच ऊबदार, ओलं वातावरण हवं असतं. ते ५ ते ६० अंशांच्या दरम्यान भराभर वाढतात. म्हणून उन्हाळ्यात मी माठातलं पाणी वापरते, दिवसातून तीनदा धुते आणि मोड दिसले की लगेच फ्रिजमध्ये. लाइट तासन्‌तास गेली तर त्याच दिवशी उसळ.

डब्याची रचना मात्र खटकते. वरच्या मजल्याचं धुवण खालच्या मजल्यावर गळतं, म्हणजे वरचे मूग बिघडले तर खालची मटकीही गेली. जाळीच्या भोकांच्या कडेला बुळबुळीत थर धरतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. तो स्पंजने निघत नाही, दातांचा जुना ब्रश आणि साबणच लागतो. शिवाय प्लास्टिक असल्यामुळे उकळतं पाणी ओतायची सोय नाही.

सोबतच्या कागदावर ‘मोड आले की थेट खा’ असं छापलंय. हे मला पटत नाही. साल्मोनेला किंवा ई. कोलाय हे आजारी पाडणारे जंतू मुळात दाण्याच्या बारीक चिरेत असू शकतात, मग डबा कितीही स्वच्छ असो. वरून धुऊन ते पूर्ण जात नाहीत, आणि वास चांगला आहे म्हणून मोड चांगले, असंही नाही. २०११ मध्ये जर्मनीत कोवळ्या मोडांमुळे ई. कोलायची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. तपासाचा माग इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत गेला.

जिमवाल्या पुतण्याला वाटीभर कच्चे मोड हवे असतात. त्याला मी चाळणीत वाफवून, चांगले आतपर्यंत गरम करून, मग कांदा-लिंबू घालून देते. तोंड वाकडं करतो, खातो. सासूबाई, लहान मुलं आणि सध्या दिवस असलेली जाऊबाई यांना कच्चं अजिबात नाही. तशीही आपल्याकडे मटकी फोडणीला पडल्याशिवाय ताटात येत नव्हतीच.

शेतकरी घरांसाठी एक गोष्ट: पेरणीचं उरलेलं बी, गुलाबी किंवा हिरवा रंग चढवलेलं, डब्यात टाकू नका. त्यावर बुरशीनाशक असतं, धुतलं तरी ते खायचं नाही.

पाचपैकी तीन तारे. थंडीत बिनधास्त घ्या. उन्हाळ्यात एकच मजला वापरा, बाकीचे दोन कोरडे करून ठेवून द्या. स्टीलचा मिळाला तर तोच बघा.