टायर बसवायचे कुठे? सर्व्हिस सेंटर की टायरचं दुकान

फोंड्याचा मित्र विचारतोय, चार नवीन टायर फिटिंग आणि बॅलन्सिंगला (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करायला) कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊ की बाजारातल्या टायरच्या दुकानात.

खर्चात दुकान बरं, कारण टायर तिथूनच घेतले तर फिटिंग बरेचदा त्यातच धरतात आणि भावात घासाघीसही होते. सर्व्हिस सेंटरला बिल जास्त पण पक्कं, अपॉइंटमेंट मात्र घ्यावी लागते.

खरा फरक काम करणाऱ्याच्या हातात. दुकानातला पोरगा दिवसभर हेच करतो, हात बसलेला असतो, पण अलॉय व्हील असेल तर टायर काढायचं मशीन आहे का ते बघच, नुसत्या पहारीने टायर काढणारा असेल तर रिमला ओरखडे ठरलेले. रिमवरची बॅलन्सिंगची जुनी वजनं काढून, रिम पुसून मग बॅलन्सिंग करायला सांग, वजनं लावल्यावर चाक परत फिरवून मशीनवर दोन्ही बाजूंना शून्य दिसलं पाहिजे, नाहीतर हायवेला ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. ट्यूबलेसचा वॉल्व्हही नवीन घाल, स्वस्तातली वस्तू आहे. सर्व्हिस सेंटरला हे बघायला आत सोडतीलच असं नाही, पण नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळण्याची शक्यता तिथे जास्त.

टायर कधी बनला ते सांगणारा टायरवरचा चार आकडी कोड दोन्हीकडे वाच, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा.

गाडी वॉरंटीत असेल, सस्पेन्शनही दाखवायचं असेल तर सर्व्हिस सेंटर. नुसते टायरच बदलायचे आणि समोर उभं राहायला वेळ असेल तर दुकानच.